पकडलेली धूळ दाखवा : कोल्हापूर जिल्ह्यातील क्षेत्र अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील उद्योगांच्या हवा प्रदूषणाची तपासणी करणारे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सर्व क्षेत्र अधिकारी व उपप्रादेशिक अधिकारी यांस,

विषय : हवा संमतीपत्राच्या तपासणीत पकडलेल्या धुळीचा हिशेब मागण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून साच्यांत ओतणाऱ्या कारखान्यात) मी २६ वर्षे नोकरी केली. सुरुवातीची वर्षे क्युपोलावर, म्हणजे कोकवर लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर, गेली आणि शेवटची अकरा वर्षे देखभाल विभागाचा सुपरवायझर म्हणून. संमतीपत्राची (कारखाना चालवायला मंडळ अटींसह देते त्या परवानगीची) फाइल, बॅग फिल्टरचे (कापडी पिशव्यांतून धूर गाळून धूळ अडवणाऱ्या यंत्राचे) रजिस्टर आणि तपासणीला कोणी आले की चिमणीच्या शिडीपासून चहापर्यंतची सगळी व्यवस्था माझ्याकडे असे. निवृत्त होऊन आता चार वर्षे झाली. फाउंड्रीचे नाव मी लिहिणार नाही. एक तर जे सांगणार आहे ते एकाच फाउंड्रीपुरते नाही, आणि दुसरे असे की ज्या रजिस्टरात खोट्या नोंदी होत होत्या त्याच्या प्रत्येक पानावर सही माझीच आहे. तेव्हा हे पत्र तक्रारीचे आहे असे समजू नये. जे मी अनेक वर्षे लपवण्यात मदत केली, ते पाहायचे कसे, एवढेच मला आपल्याला सांगायचे आहे.

आपल्या कामाचा पसारा मला ठाऊक आहे. पंचगंगेत मासे मेले की पहिला फोन आपल्याला येतो, इचलकरंजीच्या ओढ्यात रंगीत पाणी दिसले की दुसरा. दवाखान्यांचा कचरा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, हरित न्यायाधिकरणापुढची प्रतिज्ञापत्रे ही कामे वेगळीच. त्यातून जे दिवस उरतात त्यांत शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या तिन्ही वसाहतींतल्या चिमण्या पाहायच्या. म्हणून मी आपल्याकडे जास्त फेऱ्या मागत नाही. आहे त्याच फेरीत एक प्रश्न विचारावा, एवढीच विनंती आहे : या यंत्राने गेल्या महिन्यात किती धूळ पकडली, आणि ती धूळ आता कोठे आहे?

हा प्रश्न मला सुचलेला नाही. तो एका तरुण अधिकारी बाईंनी आमच्या फाउंड्रीत विचारला होता, आणि त्यांनी तो मालकांना किंवा मला न विचारता बॅग फिल्टरशेजारी उभ्या असलेल्या हेल्परला विचारला. मी त्यांना रजिस्टर दाखवत होतो. त्यात पिशव्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक रोजच्या रोज लिहिलेला होता, आणि तो वर्षभर जवळजवळ एकच होता. (पिशव्या खरोखर काम करत असतील तर हा आकडा चढतो, झाडणी झाली की उतरतो, पुन्हा चढतो, वर्षभर एकच आकडा म्हणजे तो आकडा टेबलावर बसून लिहिलेला असतो, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात येत असणार.) बाईंनी रजिस्टर मिटले आणि त्या पोराकडे वळून विचारले, ‘यातली धूळ काढून कुठे टाकता रे?’ त्याने माझ्याकडे पाहिले, मग फिल्टरखालच्या, धूळ साठवणाऱ्या हॉपरकडे पाहिले आणि म्हणाला, ‘कसली धूळ, मॅडम?’

हॉपरच्या खालचा व्हॉल्व्ह उघडायचा त्यांनी आग्रह धरला. तो गंजून बसला होता. पाना लावून, हातोडी मारून उघडावा लागला. आतून जेमतेम दोन घमेली धूळ निघाली, तीही ओल धरून घट्ट झालेली. आमच्या फाइलमध्ये त्या वर्षीचे चिमणीच्या तपासणीचे सगळे अहवाल निकषाच्या आत होते आणि त्यातला एकही अहवाल बनावट नव्हता.

हे कसे शक्य होते, ते थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचे मूळ तेथेच आहे. चिमणीतील धुळीचा नमुना घ्यायचा म्हणजे वाकण, सांधा किंवा फॅन यांच्यापासून वायूच्या दिशेने चिमणीच्या व्यासाच्या आठपट अंतरावर आणि पुढच्या अडथळ्याच्या दोनपट अलीकडे भोक असावे लागते, तेथवर शिडी आणि उभे राहायला फलाट असावा लागतो. त्या भोकातून नळी आत घालून, वायू ज्या वेगाने वर जातो त्याच वेगाने तो नळीत ओढावा लागतो. नळीतील ओढ जास्त झाली तर हलका वायू वळून आत येतो आणि जड कण सरळ पुढे निघून जातात, म्हणजे धूळ आहे त्यापेक्षा कमी भरते. ओढ कमी झाली तर उलट होते. ज्या थिंबलमध्ये, म्हणजे नळीतल्या गाळणीत, धूळ अडकते त्याचे आधीचे आणि नंतरचे वजन, आणि ओढलेल्या वायूचे घनफळ, यांवरून घनमीटरमागे किती मिलिग्रॅम हा आकडा निघतो. क्युपोला तासाला ३ टनांपेक्षा लहान असेल तर ४५० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे, ३ टन किंवा मोठा असेल तर १५०, आणि विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेसलाही १५०. पद्धत चांगली आहे, ती मोडीत काढा असे मी म्हणत नाही. पण ती अर्ध्या-पाऊण तासाची गोष्ट सांगते, आणि तो पाऊण तास कोणता असावा हे बहुतेक वेळा आम्ही ठरवत होतो.

प्रयोगशाळेची गाडी येणार हे आम्हाला आदल्या दिवशी कळे, कारण त्यांना शिडी, वीज आणि माणूस आम्हीच पुरवायचा. त्या दिवशी आम्ही चांगला, कमी राखेचा कोक वापरत असू. तेलकट आणि रंगवलेले भंगार बाजूला ठेवून धुतलेल्या कास्टिंगचे तुकडे आणि पिग आयर्न भट्टीत घालत असू. क्युपोला पेटवल्यानंतरचा पहिला तास, ज्यात सर्वांत काळा धूर निघतो, तो संपल्यावरच नळी आत जाई. बायपासची झडप, जिच्यातून धूर फिल्टर चुकवून थेट चिमणीत जातो आणि जी एरवी पिशव्या जळू नयेत या नावाखाली अर्धी उघडी असे, ती त्या दिवशी पूर्ण बंद. एवढे करूनही भीती वाटली तर फॅनच्या अलीकडची एक झाकणी सैल करायची; बाहेरची स्वच्छ हवा आत शिरते, घनमीटर वाढतात आणि घनमीटरमागची धूळ आपोआप कमी दिसते. बॉयलरच्या बाबतीत हा आकडा कार्बन डायऑक्साइड १२ टक्के धरून दुरुस्त करावा लागतो तो याचसाठी, पण इंडक्शन फर्नेसच्या हुडला (धूर ओढून घेणाऱ्या छत्रीला) ती दुरुस्ती लावता येत नाही.

यातली कोणतीही युक्ती नवी नाही आणि ती फक्त आमचीच नव्हती. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना त्या सगळ्या माहीत आहेत. मात्र त्यांपैकी एकीनेही हॉपरमध्ये धूळ तयार होत नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नव्हते. नमुना घेण्याचा पाऊण तास सजवता येतो, पण महिनाभर न चालवलेल्या फिल्टरमधून महिनाभराची धूळ काढून दाखवता येत नाही.

हिशेब अगदी साधा आहे आणि तो आपण उभ्या उभ्या करू शकता. समजा, एका मध्यम भट्टीच्या हुडमधून तासाला ५,००० घनमीटर वायू ओढला जातो. आत जाणाऱ्या वायूत घनमीटरमागे १,००० मिलिग्रॅम धूळ आहे आणि अहवालाप्रमाणे बाहेर पडताना १०० मिलिग्रॅम उरते. म्हणजे ९०० मिलिग्रॅम पकडली गेली. तासाला साडेचार किलो, दोन पाळ्यांच्या १६ तासांत ७२ किलो, महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत १,८०० किलो. ही धूळ हलकी असते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात ३० किलोच्या आसपास बसते. तेव्हा दर महिन्याला सुमारे ६० पोती कोठून तरी निघून कोठे तरी गेली पाहिजेत. आत जाणारी धूळ मी धरली त्याच्या निम्मी असली तरी वीस-पंचवीस पोती होतातच. अहवालात ‘बाहेर १०० मिलिग्रॅम’ लिहिलेले असेल आणि आवारात चार पोती असतील, तर मग भट्टीत धूळ झालीच नाही, किंवा ती फिल्टरपर्यंत पोचली नाही, किंवा पोचून निघून गेली. यातले काय घडले याचे उत्तर देणे हे कारखान्याचे काम आहे, आपले नाही. आजवर उलट होत आले आहे. आम्ही अहवाल दाखवायचो आणि तो खोटा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर पडायची.

कायद्यात यासाठी नवे काही लागत नाही. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम २१ मध्ये संमतीच्या अटी सांगताना नियंत्रण यंत्रणा ‘सर्व वेळी’ चांगल्या चालू स्थितीत ठेवली पाहिजे, असे म्हटले आहे. नमुना घेतेवेळी असे म्हटलेले नाही. कलम २४ प्रमाणे आपल्याला आत येण्याचा आणि यंत्रणा, नोंदवह्या, कागदपत्रे तपासण्याचा अधिकार आहे, आणि अशा वेळी साहाय्य करणे हे यंत्र चालवणाऱ्यावर बंधनकारक आहे. कलम २५ प्रमाणे माहिती मागवता येते. नमुना घ्यायचा म्हटला की कलम २६ ची सगळी पायरी सांभाळावी लागते. नोटीस, समक्षता, सील, सह्या, त्यात एक चूक झाली की तो नमुना पुराव्यात टिकत नाही. पोती मोजायला यातले काही लागत नाही. पंचनाम्यात ‘हॉपर उघडला, अंदाजे इतके किलो धूळ आढळली, विल्हेवाटीची नोंद मिळाली नाही’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

जनविश्वास कायद्यातील दुरुस्त्या १ एप्रिल २०२४ पासून या अधिनियमाला लागू झाल्यानंतर तर याचे महत्त्व अधिकच वाढले आहे, असे मला वाटते. पूर्वी निकष ओलांडल्यास किमान दीड वर्षाच्या कैदेची तरतूद होती. ती इतकी कडक होती की प्रत्यक्षात ती कोणाला झाल्याचे मी तरी माझ्या नोकरीत ऐकले नाही. आता त्या जागी १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे. रक्कम कमी की जास्त यावर वाद होऊ शकतो, पण दंड किती हे ठरवणाऱ्यापुढे एका पाऊण तासाचा आकडा ठेवण्यापेक्षा आठ महिन्यांच्या धुळीचा न जुळणारा हिशेब ठेवणे केव्हाही भारी पडेल.

धुळीच्या जोडीला आणखी एक नोंद पाहावी. प्रदूषण नियंत्रण यंत्रणेसाठी विजेचा स्वतंत्र मीटर असावा, ही अट संमतीपत्रांत असते आणि ती बहुतेकांनी पुरी केलेली असते. मीटर बसवलेला असतो. तो वाचतो कोण? ३० अश्वशक्तीची फॅनची मोटर तीन-चतुर्थांश भाराने १६ तास चालली तर दिवसाला २७० युनिटच्या आसपास वीज खाते. महिन्याला पावणेसात हजार युनिट. आमच्या त्या मीटरवर महिन्याला कधी दोन हजार, कधी अडीच हजार युनिट पडत. वीज महाग असल्यामुळे रात्रपाळीत फॅन बंद ठेवायचा तोंडी हुकूम होता, आणि रात्री नागावच्या किंवा मौजे वडगावच्या बाजूने कोणी पाहिले असते तर भट्टीवर उठणारा लालसर धूर त्याला दिसला असता. पण रात्री पाहायला कोणी येत नसे, आणि आले तरी फाटकावरचा वॉचमन पाच मिनिटे रजिस्टर शोधत बसे. फॅन सुरू करायला पाच मिनिटे पुष्कळ होतात.

दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचे पर्यावरण विवरणपत्र हा तिसरा धागा. त्यात कच्चा माल किती वापरला आणि उत्पादन किती झाले ते आम्हीच आमच्या हाताने लिहून देतो. ते पत्र, स्वतंत्र मीटरचे युनिट आणि धुळीची पोती ही तीन कागदे एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. माझ्या माहितीत ती तिन्ही कधीच एकत्र ठेवली गेली नाहीत. ती वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या फायलींत जातात, आणि आमच्यासारख्यांची सोय त्यातच होती.

कारखानदार लगेच पोती भरून ठेवायला शिकतील, असे आपण म्हणाल. शिकतील. मोल्डिंगची टाकाऊ वाळू आवारात ढिगाने पडलेली असते, ती भरून शिवून ठेवायला एक दुपार पुरे. म्हणून पोते उघडून चिमूटभर धूळ बोटांत चोळून पाहावी. फिल्टरची धूळ पावडरीसारखी मऊ लागते आणि बोटांच्या रेषांत बसते. वाळू कितीही बारीक असली तरी खरखरते. रंगही बोलतो. कोकच्या क्युपोलाची धूळ करडी-तपकिरी, नॉकआउटच्या (साचे फोडून कास्टिंग काढण्याच्या जागेच्या) डस्ट कलेक्टरची काळी, कारण तिच्यात बेंटोनाइट या साच्याच्या मातीबरोबर कोळशाची भुकटी असते, आणि इंडक्शन फर्नेसमध्ये जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वितळवला असेल तर पांढरट. ज्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या यंत्रांची धूळ एकाच रंगाची निघते तेथे थोडे जास्त थांबावे.

फाउंड्रीबाहेरही हा प्रश्न चालतो. साखर कारखान्यांच्या बॉयलरसाठी २०१६ च्या अधिसूचनेने धुळीची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम केली, आणि कारखान्यांनी धूळ अडवणारी यंत्रे बसवली आहेत. तरी गळीत हंगामात ज्यांच्या गच्चीवर काजळी पडते त्यांना विचारा. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात, पापड-कुरडया घरात वाळवाव्या लागतात. दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात सुमारे १,४०० टन बगॅस निघतो. तो सगळा जाळला आणि राख दीड टक्काच धरली तरी दिवसाला २१ टन राख होते. ही राख ट्रॉलीने जाते, काट्यावर तिचे वजन होऊ शकते. त्यामुळे साखर कारखान्यात तर पोतीही मोजायची गरज नाही, काट्याची पावती पुरते. हुपरीच्या चांदी आटणीत किंवा आम्लाचा वापर होणाऱ्या गलाईच्या (सोने-चांदी शुद्ध करण्याच्या) कामात धूळ नसते, तेथे आम्लाची वाफ असते आणि ती धुण्यासाठी स्क्रबरमध्ये कॉस्टिक सोडा लागतो. त्या ठिकाणी वर्षभराची कॉस्टिकची बिले मागावीत. वर्षात एकच पोते घेतले असेल तर स्क्रबर नुसता पाण्यावर, किंवा पाण्याशिवाय, उभा आहे. इचलकरंजीच्या सायझिंगच्या (सुताला खळ देण्याच्या) बॉयलरचेही असेच. सायक्लोनखालची, म्हणजे धूर गोल फिरवून राख पाडणाऱ्या यंत्राखालची, राख कोण नेतो, त्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलावे.

जेथे हॉपरच नाही तेथे अर्थातच हा प्रश्न लंगडा पडतो. टोपच्या खाणींकडचे क्रशर, नदीकाठच्या वीटभट्ट्या, यांची धूळ कोठे साठत नाही, ती थेट गावात जाते. त्यांच्यासाठी वेगळे निकष आहेत आणि त्यावर लिहिण्याइतका माझा अनुभव नाही.

फाउंड्रीतही सगळी धूळ चिमणीपर्यंत जात नाही, आणि याची खंत मला जास्त आहे. एस. जी. आयर्न (एक चिवट ओतीव लोखंड) करताना लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या बादलीत, मॅग्नेशियम टाकले की डोळे दिपवणारा उजेड होतो आणि पांढऱ्या धुराचा लोट छतापर्यंत जातो. त्याच्यावर हुड बहुतेक ठिकाणी नसतो, असला तर क्रेनच्या आड येतो म्हणून कापून टाकलेला असतो. नॉकआउटला साचे फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. फेटलिंगमध्ये (कास्टिंग घासून साफ करण्याच्या कामात) ग्राइंडरपुढे दिवसभर बसणाऱ्या पोरांच्या नाकातोंडाला बांधलेला रुमाल संध्याकाळी काळा झालेला असतो. संमतीपत्रात चिमणीचा क्रमांक, उंची, व्यास, इंधन हे सगळे रकान्यांत मांडलेले असते. या तीन जागांना रकाना नसतो, म्हणून तपासणीतही त्या नसतात. पण जेथे हुड बसवून धूळ ओढायची व्यवस्था झाली आहे तेथे पोती वाढलेली दिसतील, आणि जेथे झालेली नाही तेथे वाढणार नाहीत. म्हणजे आडमार्गाने का होईना, हाच प्रश्न या जागांपर्यंतही पोचतो.

लहान फाउंड्रीवाल्यांची बाजूही मी मांडली पाहिजे, कारण त्यांच्यातच आयुष्य गेले. उद्यमनगरात शेतीची ऑइल इंजिने करता करता हा धंदा वाढला आणि तेथून शिरोलीला आला. आजही अनेक ठिकाणी मालक स्वतः भट्टीपुढे उभा असतो. बॅग फिल्टरच्या पिशव्यांचा पूर्ण संच बदलणे हा त्याला एका दमात न पेलणारा खर्च आहे, आणि एक ठिणगी आत गेली तर नवा संच रात्रीत जळतो. पकडलेली धूळ टाकायची कोठे, याचे सोपे उत्तर त्याच्याकडे नसते. अधिकृत ठिकाणी पाठवायची तर वाहतुकीसह पैसे मोजावे लागतात, आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यात टाकली तर फुकट. त्यामुळे खरी धूळ पकडणारा खर्चात जातो आणि न पकडणारा सुखात राहतो. आपण पोती मागू लागलात की ही धूळ एकत्र नेण्याची सोय वसाहतीच्या पातळीवर करावीच लागेल. ती मागणी कारखानदारांच्या संघटनांकडून यायला हवी होती. अजून आलेली नाही, कारण दाखवायला धूळच नाही.

संमतीपत्राचे नूतनीकरण आता पुष्कळ प्रकरणांत स्वयंघोषणेवर होते. त्याला माझा विरोध नाही, खेटे घालण्याचा त्रास मीही भोगला आहे. स्वयंघोषणेच्या अर्जात मात्र गेल्या वर्षी महिनावार पकडलेली धूळ किती, ती कोणाला दिली, पावती कोठे आहे, आणि यंत्रणेच्या मीटरचे महिनावार युनिट किती, एवढे दोन रकाने घालण्याची शिफारस आपण वरिष्ठांकडे करावी. सही करणाऱ्याचा हात हे रकाने भरताना जरा थांबेल. माझा थांबला असता असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण बाईंनी हॉपर उघडायला लावल्यानंतर त्या रजिस्टरात जुनाच आकडा लिहिणे मला जमले नाही हे खरे आहे. त्यानंतर अडीच महिन्यांत आमच्याकडे पिशव्या बदलल्या गेल्या, बायपासच्या झडपेला वेल्डिंग झाले आणि पहिल्या महिन्यात ३८ पोती निघाली. ती पाहून मालक म्हणाले, ‘एवढं सगळं आपण वर सोडत होतो काय?’

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत कोल्हापूरचे नाव आहे. २०२५-२६ पर्यंत हवेतील दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ ४० टक्क्यांनी कमी करायची किंवा ती वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत आणायची, असे त्याचे उद्दिष्ट ठरले होते. या कार्यक्रमाचा पैसा बहुतेक शहरांत रस्ते झाडण्याच्या यंत्रांवर आणि पाणी फवारण्यावर खर्च होताना दिसतो. रस्त्याची धूळ खरी आहे, ती झाडलीच पाहिजे. परंतु शिरोली आणि गोकुळ शिरगाव महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत, आणि हद्दवाढीचा वाद आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हिवाळ्यात पहाटे जमीन थंड पडते, थंड हवा खालीच बसते आणि रात्रपाळीचा धूर तिच्या झाकणाखाली पंचगंगेच्या खोऱ्यात पसरून राहतो. दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी सहा वाजता शिरोलीच्या पुलावर उभे राहिले तर तो पट्टा डोळ्यांनी दिसतो. शहराचा आकडा खाली आणायचे काम महापालिकेच्या झाडूइतकेच आपल्या पान्याचे आहे, तो गंजलेला व्हॉल्व्ह उघडणाऱ्या.

शेवटी एक छोटी मागणी, मराठीविषयीची. संमतीपत्रे इंग्रजीत असतात. ज्या हेल्परला हॉपर रोज रिकामा करायचा असतो, त्याला ही अट आहे हेच माहीत नसते. यंत्रणा सर्व वेळी चालू ठेवणे, हॉपर कधी रिकामा करायचा, मीटर कोठे आहे, बायपास उघडायला परवानगी कोणाची, एवढ्या चार ओळी मराठीत आणि परप्रांतीय कामगारांसाठी हिंदीत त्या यंत्राशेजारी पत्र्यावर रंगवून लावायला लावाव्यात. तपासणीला आल्यावर तो पत्रा वाचून दाखवायला हेल्परलाच सांगावे.

माझ्या नोकरीतल्या शेवटच्या सहा वर्षांच्या पोत्यांच्या आणि मीटरच्या खऱ्या नोंदी माझ्याकडे एका वहीत आहेत. कार्यालयीन रजिस्टर वेगळे होते, ही वही मी स्वतःसाठी ठेवत होतो. कोणत्या भट्टीला किती भारावर महिन्याला किती धूळ निघते याचा अंदाज घ्यायला ती उपयोगी पडेल. कारखान्याचे नाव झाकून त्या वहीच्या प्रती आपल्या कार्यालयात आणून द्यायला मी तयार आहे, आणि नव्याने रुजू झालेल्या क्षेत्र अधिकाऱ्यांना हॉपर, झडप आणि मीटर कोठे पाहावेत हे एखाद्या फाउंड्रीत उभे राहून दाखवायलाही. सकाळी दहानंतर केव्हाही बोलवावे; शिडी चढणे मात्र आता गुडघ्यांमुळे जमणार नाही.

कळावे,
आपला नम्र,
शिरोली परिसरातील एक निवृत्त फाउंड्री सुपरवायझर